सेवेची वर्षे कोठून मोजावीत?

या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या आम्हा काही जणांनी सैन्याचा गणवेश स्वीकारला. स्मरणिकेसाठी लिहिण्यास सांगितले गेले, तेव्हा पराक्रमाच्या कथांपेक्षा वर्षांचा हिशेब मांडावा, असे आम्हांस वाटले. आमच्या घरांतून अधिकारी होणारी ही पहिलीच पिढी. तो हिशेब समजावून सांगणारे वडीलधारे कोणी नव्हते.

सेवेची वर्षे मोजली जातात ती घर सोडल्याच्या दिवसापासून नव्हे, तर कमिशन मिळाल्याच्या दिवसापासून. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील ३ आणि त्यानंतर डेहराडूनच्या अकादमीतील १, अशी ४ वर्षे प्रशिक्षणाची असतात. बांधिलकी मात्र तेव्हापासूनच असते. वैयक्तिक कारणास्तव प्रशिक्षण सोडले किंवा कमिशन नाकारले, तर झालेला खर्च भरून देण्याची हमी पालकांनी लिहून दिलेली असते. त्या कागदावर सही करताना आमच्या वडिलांचा हात क्षणभर थबकला होता, तो याचमुळे.

स्थायी कमिशन घेतलेल्या अधिकाऱ्यास निवृत्तीच्या वयापर्यंत सेवा करता येते. परंतु मध्येच मुक्त व्हायचे तर शासनाची संमती लागते. अल्पकालीन कमिशनची मुदत १० वर्षांची असते. ती संपताना स्थायी कमिशनसाठी निवड व्हावी, ४ वर्षांची वाढ घ्यावी किंवा बाहेर पडावे, अशा तीन वाटा असतात. वाढीच्या काळात केव्हाही राजीनामा देता येतो.

खरी मेख पुढेच आहे. अधिकाऱ्याच्या निवृत्तिवेतनासाठी सर्वसाधारणपणे २० वर्षांची सेवा लागते. अल्पकालीन कमिशन फार तर १४ वर्षे चालते. आमचा एक सहाध्यायी २३ व्या वर्षी अधिकारी झाला आणि ३७ व्या वर्षी घरी परतला. उपदान मिळाले, निवृत्तिवेतन नाही. मुले शाळेत, आईवडील थकलेले आणि नोकरीचा शोध नव्याने. सेवेचा त्याला अभिमान आहे. फक्त या ६ वर्षांचे अंतर आधी कोणी सांगितले असते, तर दहाव्या वर्षीच पुढील शिक्षणाची तयारी केली असती, असे तो म्हणतो.

हे अंतर महिला अधिकाऱ्यांनी अधिक सोसले. १९९२ पासून त्या सैन्याच्या विविध शाखांत येऊ लागल्या, पण बहुतेक शाखांत स्थायी कमिशनचे दार बंद होते. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते उघडले. ज्यांची सेवा १४ वर्षांहून अधिक झाली होती, पण स्थायी कमिशन मिळाले नाही, त्यांना २० वर्षे पूर्ण करू द्यावीत, असेही न्यायालयाने सांगितले.

आमच्या मुलामुलींनी सैन्यात अवश्य जावे. जाण्यापूर्वी पालकांसह बसून एवढेच लिहून काढावे: कमिशनच्या दिवशी वय किती असेल, १० वर्षांनी किती, १४ वर्षांनी किती, आणि त्या दिवशी घर कोणाच्या आधारावर उभे असेल.