वीतभर माती

दिवे घाटात मस्तानी तलाव दिसतो त्या वळणावर सगळे गाड्या थांबवतात, फोटो काढतात, भाजलेलं कणीस खातात. मी म्हणेन, दोन मिनिटं तलावाकडे पाठ करा आणि रस्त्यासाठी डोंगर जिथे उभा कापला आहे त्या भिंतीकडे पाहा. वर कुसळी गवताच्या मुळांची झालर, तिच्याखाली वीतभर तांबूस माती, आणि मग पुरुषभर, कुठे दोन पुरुष, मुरूम. पिवळट, करडा, मध्येच विटकरी. त्यात काळे गोल गोटे रुतलेले. सगळ्यात खाली काळा पाषाण, ज्याच्यावर पहारसुद्धा नुसती ठणकते. पुरंदर तालुक्याचा सगळा संसार या भिंतीतल्या मधल्या थरावर उभा आहे, आणि त्याच थराकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

हा मुरूम म्हणजे मरत असलेला खडक, किंवा अजून जन्माला न आलेली माती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थंड होताना आक्रसून त्यांना भेगा पडल्या. त्या भेगांतून पावसाचं पाणी शिरलं. चौकोनी ठोकळ्याला पाणी तिन्ही बाजूंनी भिडतं ते कोपऱ्यांवर, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि ठोकळा हळूहळू गोल होत जातो. कापलेल्या भिंतीतला एखादा गोटा नीट पाहिला तर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात. बाहेरचा पापुद्रा बोटांनी चुरगळतो, त्याच्या आतला नखाने खरवडतो, आणि गाभा अजून काळाभोर, लोखंडासारखा. एकाच गोट्यात माती, मुरूम आणि पाषाण तिन्ही सापडतात.

मुरमाचं ढेकूळ हातात घेऊन दाबून पाहावं. त्याचा भुगा होतो, पण चिखल होत नाही. खडकातल्या लोहाला गंज चढलेला असतो, त्याची तांबूस पूड तळहाताला लागते. मध्येच पांढरे कण चमकतात. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून जी भोकं राहिली त्यांत पुढे पाण्याने आणून भरलेली ही खनिजं. पोरं त्यांना गारा म्हणतात आणि खिशात भरतात. पुण्याच्या आसपासच्या खाणींत निघालेले याच घराण्यातले मोठे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत दिव्याखाली ठेवलेले आहेत. इथे त्यांच्यावरून मेंढरं चालतात.

याच खडकाची खाली नीरेकाठी काळी जमीन होते. वरचा मुरमाड माळ आणि खालची काळीभोर जमीन एकाच आईची लेकरं, हे पटायला जरा वेळ लागतो. उतारावर बारीक माती टिकतच नाही. वळवाचा एक पाऊस पुरतो तिला खाली न्यायला. खडकातून सुटलेला चुना आणि इतर क्षारही पाण्याबरोबर उतरतात आणि सखल भागात साचून तिथे ती चिकट, फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती घडते. वर उरतो तो भरडा. म्हणजे खालच्याच्या श्रीमंतीत वरच्याचा वाटा आहे, आणि वाटणीच्या वेळी नेमकं हेच विसरलं जातं. भावाभावांत जमीन वाटली जाते तेव्हा काळीचा तुकडा कुणाला यावर भांडण होतं; माळ ज्याच्या पदरात पडतो त्याच्या बायकोचं तोंड महिनाभर उतरलेलं असतं. सातबाऱ्यावरही अशा जमिनीचा बराचसा भाग पोटखराब म्हणून लिहिलेला. सरकारदरबारी आणि घरात, दोन्हीकडे ती दुय्यम.

आता एक तांब्या पाणी घ्या. काळ्या जमिनीवर ओता: पाणी थबकतं, पसरतं, वर तवंगासारखं उभं राहतं. मुरमावर ओता: क्षणभर बुडबुडे येतात आणि पाणी गेलं. कुठे गेलं याचं उत्तर शेतकऱ्याला दोन तऱ्हांनी मिळतं. पहिली तऱ्हा कडू. पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की मुरमातली बाजरी माना टाकते, कारण धरून ठेवायला वर माती नाहीच. दुसरी तऱ्हा कळायला दिवाळी यावी लागते. मुरमातून झिरपलेलं पाणी खालच्या खडकाच्या भेगांत, मुरूम आणि कातळ यांच्यामधल्या मांजऱ्या नावाच्या थरात उतरतं आणि उताराच्या पायथ्याच्या विहिरीत पाझरतं. विहीर खोदणारे लोक मातीपेक्षा या थरांनाच ओळखतात. मुरूम किती हात, मांजऱ्या किती हात, कातळ कुठे लागला, यावरून ते पाणी किती टिकेल ते सांगतात, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

पुरंदरच्या अंजिराचं गुपितही याच तांब्याभर पाण्यात आहे. अंजिराला पाणी हवं असतं, पण मुळाशी साचलेलं पाणी त्याला सोसत नाही. भारी काळ्या जमिनीत झाड दणकट वाढतं, पानांनी भरतं आणि मुळाशी ओल धरून कुजायला लागतं. फळ पिकायच्या वेळी पाणी जास्त झालं तर ते फुटतं. मुरमात हे होत नाही. दिलेलं पाणी मूळ पितं, उरलेलं खाली निघून जातं. पर्जन्यछायेतली कोरडी हवा त्याला साथ देते. म्हणून दिवे, सोनोरी, गुरोळी, सिंगापूर, राजेवाडी या पट्ट्यात अंजीर पिकतो तसा गाळाच्या जमिनीत पिकत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला छाटणी करून धरतात तो खट्टा बहार, आणि उन्हाळ्यात हाती येतो तो मीठा. नावंच चव सांगतात. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कागदाचा मान अंजिराला मिळाला, पण त्यातला अर्धा मुरमाचा आहे असं माझं मत आहे.

बाग लावणं मात्र सोपं नव्हतं. आजच्यासारखी यंत्रं नव्हती तेव्हा टिकाव आणि पहार घेऊन एकेक खड्डा फोडायचा, त्यात शेणखत आणि तळ्यातला गाळ भरायचा, आणि मग रोप. मुळं पुढे आपली वाट स्वतः काढत. मुरमाच्या भेगेत शिरलेलं मूळ कधी उकरून पाहिलं तर ते गोल नसतं, भेगेच्या मापाने चपटं झालेलं असतं.

सीताफळाला तर एवढीही मनधरणी लागत नाही. पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेलं हे झाड इथल्या माळावर असं रुजलं की त्याला परकं म्हणायची कुणाची छाती नाही. उन्हाळ्यात सगळी पानं गाळून नुसत्या काटक्या होऊन उभं राहतं. मेलं म्हणावं तर पहिल्या पावसाबरोबर पालवी आणि फुलं एकदमच. फळाचे डोळे उघडले, खवल्यांच्या फटी पिवळट दिसू लागल्या की तोडणी. सासवडच्या बाजारात भल्या पहाटे सीताफळांचे ढीग लागतात तेव्हा व्यापारी भाव करतो तो आकारावर, पण जाणती बाई उचलून वजन पाहते. कोरडवाहू माळावरचं फळ आकाराने बेताचं आणि गोडीला पुढे, असं तिकडे सरसकट मानतात. तालुक्यातच जाधववाडीला अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. ‘फुले राजेवाडी’ अंजीर आणि ‘फुले पुरंदर’ सीताफळ या वाणांची नावं मातीसकट आली आहेत.

फळबागा नंतरच्या. त्याआधी या जमिनीने माणसं जगवली ती हुलगा आणि मटकीवर. हुलग्याला दोन पाऊस पुरतात. त्याचं माडगं आणि शेंगोळे आता हौसेने करतात, पूर्वी दुसरं काही नव्हतं म्हणून करत. जिथे हुलगाही येत नाही तिथे कुसळी गवत. त्याच्या बीला एक लांब, पिळाची शेपटी असते. दवाने ओली झाली की पीळ सुटतो, उन्हाने वाळली की पुन्हा बसतो, आणि त्या उलटसुलट फिरण्याने बी गिरमिटासारखी मुरमात शिरते. नांगर जिथे अडतो तिथे गवताने स्वतःची पेरणी स्वतः करायची सोय केली आहे. हीच बी धोतरात आणि मेंढीच्या लोकरीतही शिरते, म्हणून तिला शिव्या बसतात. तरी धनगर माळ सोडत नाही. माळावर चरलेली मेंढरं रात्री शेतात बसवायची, लेंडीखत शेताला आणि धान्य धनगराला, हा व्यवहार अजून पुरता मोडलेला नाही.

या जमिनीचं म्हणणं ज्यांनी नीट ऐकलं त्यांत विलासराव साळुंखे यांचं नाव पहिलं घ्यायला हवं. 1972 च्या दुष्काळात हजारो माणसं खडी फोडत बसलेली पाहून हे कारखानदार इंजिनिअर अस्वस्थ झाले आणि पुरंदर तालुक्यातल्या नायगावात त्यांनी देवस्थानाची 40 एकर पडीक, उताराची जमीन कराराने घेतली. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, त्याच्याखाली विहीर. पाणी धावत होतं ते चालायला लागलं आणि चालत होतं ते मुरायला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही धाडसाचे वाटतात: पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. मुरमाड उतारावर पाणी सगळ्यांच्या पायाखालून वाहत खाली येतं, तेव्हा ते एकट्याचं कसं, हा साधा सवाल या नियमांच्या मुळाशी आहे. आज नीरा आणि भीमेच्या खोऱ्यात ऊस बघितला की वाटतं, हा सवाल आपण फारच लवकर गुंडाळून ठेवला.

आता मुरमाला भाव आला आहे, पण ब्रासवर. शंभर घनफुटांचा एक ब्रास. रस्त्याला मुरूम लागतो, जोत्यात भरायला लागतो, प्लॉट सपाट करायला लागतो. पूर्वीही लागायचा, अंगणात चार पाट्या मुरूम पसरून, पाणी मारून चोपणीने चोपला की खळ्यासारखं घट्ट अंगण तयार व्हायचं. त्या चार पाट्यांनी डोंगराचं काही गेलं नाही. यंत्र एका रात्रीत टेकडीची कूस काढून नेतं तेव्हा जातो तो नुसता भराव नसतो. पाणी मुरण्याची जागा जाते. वर उघडा पडलेला कातळ पावसाला थेट ओढ्यात ढकलून देतो, आणि दोन वर्षांनी खालच्या वस्तीतली विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. दोष पावसाला दिला जातो. एक इंच माती घडायला शेकडो वर्षं लागतात हे शाळेत शिकवतात. मुरमाचा थर व्हायला त्याहून किती काळ गेला असेल याचा हिशेब रॉयल्टीच्या पावतीवर नसतो.

भर म्हणून आता विमानतळ. पुरंदरच्या सात गावांच्या जमिनी त्यासाठी घेण्याचं चाललं आहे आणि त्यांत अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत. मोबदल्याची बोलणी एकरात, झाडांच्या संख्येत होतात. विमानतळ हवा की नको हा वाद इथे घालत नाही. पण ती जमीन माळ आहे, खडकाळ आहे, म्हणून काही बिघडत नाही, असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नये.

आपल्या गावच्या ग्रामसभेत मुरूम उचलायचा ठराव आला तर सही करण्याआधी एकच विचारा: या टेकडीच्या खाली कुणाकुणाच्या विहिरी आहेत? त्यांची यादी ठरावाला जोडायला लावा. यादी मोठी निघाली तर ठराव परत पाठवा.