नियमात बसलं, पण...

आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात कपाटात एक पितळी चषक आहे. शिपाईमामा दर दिवाळीला तो चिंचेने घासून लख्ख करतात आणि म्हणतात, "सर, हा तुमच्या वेळचा!" मी हसून विषय बदलतो.

पंधरा वर्षांपूर्वी आंतरकॉलेज क्रिकेट स्पर्धेत मी संघाचा मॅनेजर होतो. समोरच्या संघाचा सलामीचा फलंदाज खेड्यातला पोरगा. ओळखपत्र घरी विसरून आला होता. "सर, कार्ड मन्याग उळदैत्रि," काकुळतीला येऊन तो म्हणाला. आदल्या वर्षी मी त्याला खेळताना पाहिलं होतं, चांगला ओळखत होतो. तरीही नियमावर बोट ठेवून मी हरकत घेतली. पॅड बांधलेला तो पोरगा सामनाभर सीमारेषेबाहेर बसून राहिला. आम्ही जिंकलो. मला कुणी चूक म्हटलं नाही.

ही आठवण आली की मला न्यूझीलंडचा ब्रायन मॅकेकनी आठवतो. १९५३ साली साउथलंड भागातल्या गोर गावी जन्मलेला हा खेळाडू हिवाळ्यात साउथलंडकडून रग्बी खेळे आणि उन्हाळ्यात शेजारच्या ओटागो प्रांताकडून क्रिकेट. घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं नवल वाटू नये. पुढे तो दोन्ही खेळांत देशाकडून खेळला : रग्बीच्या १० कसोट्या आणि क्रिकेटचे १४ एकदिवसीय सामने.

११ नोव्हेंबर १९७८. कार्डिफला वेल्सविरुद्ध रग्बीची कसोटी. सामना संपत आलेला आणि वेल्स १२-१० असा पुढे. बाहेर गेलेला चेंडू दोन्ही संघांच्या रांगांमध्ये परत आत फेकला जात असताना न्यूझीलंडच्या अँडी हेडनने कुणीतरी ढकलल्यासारखं स्वतःला बाहेर झोकून दिलं. पंचांची शिट्टी वाजली आणि न्यूझीलंडला पेनल्टी मिळाली. जखमी खेळाडूच्या जागी मैदानात आलेल्या मॅकेकनीने ती अचूक मारली. १३-१२! त्या १३ पैकी ९ गुण त्याचे होते. पेनल्टी हेडनच्या पडण्यामुळे नव्हे, तर वेल्सच्या दुसऱ्या एका चुकीसाठी दिली, असं पंचांनी नंतर सांगितलं. वेल्सच्या लोकांच्या मनातली अढी मात्र गेली नाही.

सव्वादोन वर्षांनी, १ फेब्रुवारी १९८१ रोजी, मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकदिवसीय सामना होता. शेवटचा चेंडू, बरोबरीसाठी सहा धावा हव्या आणि नुकताच मैदानात आलेला मॅकेकनी फलंदाजीला. कर्णधार ग्रेग चॅपेलने धाकटा भाऊ ट्रेव्हर याला चेंडू हात खाली ठेवून जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितला. अशा चेंडूवर षटकार मारणार कसा? मॅकेकनीने तो अडवला आणि संतापून बॅट भिरकावली. त्या स्पर्धेच्या नियमांत असा चेंडू बसत होता! दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी निषेध केला आणि पुढे अशा गोलंदाजीवर बंदी आली.

एकाच माणसाच्या वाट्याला दोन्ही गोष्टी आल्या. कार्डिफला त्याच्या संघाला फायदा झाला, मेलबर्नला त्याच्यावर अन्याय झाला. पण दोन्ही वेळा डाव रचणारा तो नव्हता. मिळालेली पेनल्टी त्याने मारली, आलेला चेंडू अडवला.

बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घालत होतो, की मीही फक्त समोर आलं ते केलं. ते खरं नाही. त्या दिवशी मी मॅकेकनी नव्हतो, मी ग्रेग चॅपेल होतो. नियम पाळणं आणि नियमाचा वापर करणं यातला फरक मला तेव्हाही कळत होता.

मागच्या हंगामात पाहुण्या संघाची बस वाटेत बंद पडली. "सर, वेळ संपली. हरकत घेऊ या?" आमच्या कप्तानाने विचारलं. "थांबू या," मी म्हणालो. ते तासाभराने आले, त्यांना चहा दिला, सामना झाला आणि आम्ही हरलो. परतताना पोरं माझ्याशी फारसं बोलली नाहीत.

त्या वर्षाचा चषक आमच्या कपाटात नाही. शिपाईमामांनी कधी विचारलंच, तर ती गोष्ट मात्र मी त्यांना पूर्ण सांगेन.