डब्यातून काय काय गेले

‘व्हीगन’ या शब्दाला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. ‘शाकाहारी’ म्हणावे तर त्यात दूध, दही, तूप, लोणी सुखेनैव नांदते. किंबहुना आपल्याकडचा प्रतिष्ठित शाकाहार दुधातुपावरच उभा आहे. ‘शुद्ध शाकाहारी’ म्हणावे तर त्या ‘शुद्ध’मागे जातीचा जो इतिहास येतो, तो पाठीवर घेऊन चालण्याची माझी तयारी नाही. ‘निर्दुग्ध’ वगैरे शब्द परिभाषाकोशात शोभतील, पंगतीत नाहीत. इंग्लंडात 1944 मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाचा आरंभ आणि शेवट ठेवून मधला भाग गाळला आणि ‘व्हीगन’ हा शब्द केला. म्हणजे त्यांनाही तो घडवावाच लागला. त्यामुळे मी काय झाले आहे हे आईला सांगायची वेळ आली, तेव्हा भाषेची प्राध्यापक असूनही माझ्याजवळ शब्द नव्हता. तिने तो स्वतःच्या संग्रहातून शोधला. “माळ घातलंस काय गो?” तिने विचारले.

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. लालबाग-परळात आयुष्य गेलेल्या माणसाला मासे-मटण कायमचे सोडण्याचा एकच राजमार्ग ठाऊक असतो, तो पंढरीच्या माळेचा. पाळी संपवून भजनाला बसणारे, आषाढी-कार्तिकीला रजा टाकणारे माळकरी कामगार तिने पाहिले होते. त्यांच्यासाठी वेगळे पातेले ठेवले होते. त्याखालोखाल शिवराकाचे दिवस: सोमवार, गुरुवार, श्रावण, गणपती. सिंधुदुर्गाकडच्या बोलीत शिवराक म्हणजे बिनमाशाचे जेवण, आणि त्याला मुदत असते. देवासाठी सोडणे आम्हांला कळते, वारासाठी सोडणे कळते, डॉक्टरने सांगितले म्हणून सोडणेही कळते. जनावरासाठी सोडणे, तेही दूधसुद्धा, या कल्पनेला बसायला आमच्या घरात पाट नव्हता.

मी डबा भरू लागले त्यामागेही कसले तत्त्व नव्हते. दादरच्या एका महाविद्यालयात सकाळी सातला पहिला तास, आणि दुपारपर्यंत पोटाला आधार वडापावचा. काही वर्षांनी पोटानेच तक्रार केली. मग पहाटे उठून डबा. डबा ही वस्तू मोठी हुकूमशहा आहे, हे तेव्हा कळले. ताटात जे चालते ते डब्यात चालत नाही. पहाटे भरलेले दही एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत आंबटढाण होते. ताकाला झाकण कितीही घट्ट लावा, ते आपला मार्ग शोधते. पनीर रबरासारखे लागते. खिरीचा विचारच नको. ओले खोबरेही उन्हाळ्यात दगा देते, म्हणून वाटण भाजूनच घ्यायचे, तेही चांगले तांबूस होईपर्यंत. मग टिकते काय, तर मटकी-मुगाची उसळ, काळ्या वाटाण्याचे सांबारे, वालाचे बिरडे, दाण्याचे कूट घातलेली भोपळी मिरची, सुक्या खोबऱ्याची चटणी आणि भाकरी. (पोळी मला आजही धड जमत नाही; हाताला वळण तांदळाच्या भाकरीचे.) वर्षभराने पाहिले तर डब्यात दुधाचा थेंब उरला नव्हता. दुधाविषयी मी कसलाही विचार करण्याआधीच डब्याने ते वगळून टाकले होते.

मासे मात्र असे नकळत गेले नाहीत. खरे तर डब्याच्या दृष्टीने सुकटीसारखा पदार्थ नाही. सुकी, टिकाऊ, चमचाभर घेतली तरी भाकरी संपते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ती दोनदा नेली. स्टाफरूममध्ये कोणी काही बोलले नाही. कोणीतरी उठून खिडकी उघडली, कोणीतरी पंखा वाढवला, एवढेच. मराठी साहित्यातल्या दलित जाणिवांवर आम्ही त्याच टेबलाभोवती बसून बोलत असू. तिसऱ्यांदा सुकट नेली नाही. तेव्हा माझा डबा व्हीगन झाला तो अर्धा मुंबईच्या उकाड्यामुळे आणि अर्धा दुसऱ्यांच्या नाकांमुळे. भूतदयेचा त्यात अंशही नव्हता. पुढे जे मी विचारपूर्वक स्वीकारले त्याची पायवाट अशी पडली होती, आणि हे सांगितल्याशिवाय त्या स्वीकाराविषयी बोलणे मला अप्रामाणिक वाटते.

दूध नसलेले ताट मला नवे नव्हते, हेही सांगायला हवे. मुंबईच्या डब्याची कथा सांगताना आपण महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेपासून सुरुवात करतो, आणि ती आहेच अभिमानाची. पण तो डबा मुख्यतः फोर्टातल्या कारकुनाचा. ज्याच्या घरी रांधणारी बाई आहे, त्याचा. गिरणगावातला कामगार बहुधा एकटा, बायको कोकणात नाही तर घाटावर. त्याला जेवू घालत ती खाणावळवाली. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांसाठी. त्यांना सावकाराच्या दारातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेणे हे त्या काळी केवढे मोठे काम होते! पुढे 2002 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. वडिलांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही, आणि आईने आठ माणसांचे डबे घेतले. वरणभात, भाकरी, एक कालवण, बुधवार-शुक्रवार-रविवार मासे. दूध यायचे ते पाव लिटर, चहापुरते. तूप दिसायचे गणपतीत, मोदकावर. त्या घरात ‘मी दूध घेत नाही’ या वाक्याला काही अर्थच नव्हता. दूधच आम्हांला घेत नव्हते.

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) वाचताना हे पुन्हा जाणवले. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या ज्या ताटाविषयी ते लिहितात त्यात दूध-तूप जवळजवळ नाहीच. पण ते ताट व्हीगन नव्हे. त्यात मांस आहे, आणि ते कोणत्या जनावराचे हे पुस्तक लपवत नाही. ‘आपले पूर्वज व्हीगनच होते’ असे हल्ली उत्साहाने सांगितले जाते, तेव्हा मला हे पुस्तक पुढे करावेसे वाटते. न मिळणे आणि न घेणे या दोन क्रियापदांतले अंतर पुसून चालत नाही.

न घेण्याचा विचार माझ्या मनात आला तो गांधींच्या ‘सत्याचे प्रयोग’मुळे. पुस्तक अनेकदा वाचलेले, पण दुधाची प्रकरणे मी तोवर लहर म्हणून ओलांडली होती. कलकत्त्याकडे गाई-म्हशींचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी ‘फुंका’ नावाची क्रूर प्रक्रिया करतात, हे त्यांच्या वाचनात आले, आणि 1912 मध्ये टॉलस्टॉय फार्मवर कॅलनबाखसह त्यांनी दूध सोडले. पुढे खेडा जिल्ह्यातल्या 1918 च्या सैन्यभरतीच्या धावपळीत ते मरणाच्या दारी गेले. डॉ. दलालांनी बजावले की दुधाशिवाय शरीर पुन्हा उभे राहणार नाही. कस्तुरबांनी वाट काढली: व्रत घेताना डोळ्यांपुढे गाय-म्हैस होती, शेळी नव्हती. गांधींनी शेळीचे दूध घेतले, आणि व्रताचा शब्द पाळून आत्मा मारला, ही टोचणी पुढे लिहून ठेवली. आमच्या नीतिचर्चांत हा प्रसंग फारसा येत नाही. मला मात्र त्यात कस्तुरबा अधिक दिसतात. नवऱ्याच्या तत्त्वापायी नवरा जातो आहे हे पाहणारी, आणि स्वयंपाकघरातून युक्तिवाद शोधून आणणारी बाई.

2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा विस्तार झाला. गाईला 1976 च्या कायद्याचे संरक्षण होतेच, आता बैल-वळूही आले. म्हैस बाहेरच राहिली. स्टाफरूममध्ये दोन्ही बाजूंनी तावातावाने चर्चा झाली, आणि ती करताना दोन्ही बाजू दुधाचा चहा पीत होत्या. मुंबईच्या दुधाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणावर म्हशीचा आहे. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर हलवण्यासाठीच तर 1949 मध्ये गोरेगावला आरे दूध वसाहत वसवली गेली. म्हैस दूध देते ती व्यायल्यावर. दूध हवे तर ती पुन्हा पुन्हा व्यायला हवी, आणि झालेल्या रेडकांपैकी साधारण अर्धे नर असणार. त्या रेड्याचे गोठ्याच्या हिशेबात काय होते, हे विचारण्याची गरज कोणत्याच बाजूला वाटली नाही. हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडेना. डब्यात दूध नव्हतेच. त्या वर्षाच्या पावसाळ्यात चहातून गेले, नंतर घरच्या ताटातूनही. मासे सगळ्यांत शेवटी गेले. पापलेटचा मोह कधी फारसा नव्हता. बांगडा आठवतो, अजूनही.

याची किंमत काय, असे विद्यार्थी विचारतात. बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, गोळी घ्यावीच लागते, आणि ती न घेता ‘निसर्गोपचार’ सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, हे मी त्यांना प्रथम सांगते. पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधाला अडवत नाही. व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळे चिन्ह आले ते 2022 मध्ये, आणि ते चिन्ह ज्या वस्तूंवर दिसते त्या बहुतेक माझ्या आईच्या जुन्या महिन्याच्या हिशेबात बसल्या नसत्या. बदामाचे दूध मी आणत नाही. सोलकढी आहे, कुळथाची पिठी आहे, आळूचे फतफते आहे. शिरवाळे आहेत, सोबत गूळ घातलेला नारळाचा रस. कोकणात नारळाच्या दुधाला आम्ही दूध म्हणत नाही, ‘रस’ म्हणतो, हे ध्यानात यायला मला इतकी वर्षे लागली. घरात इतरांसाठी मासे येतात आणि त्यावर माझा हुकूम चालत नाही. आई अजूनही म्हणते, “चायत तरी दूध घे गो.” तिच्या दृष्टीने मुलीला दूध परवडू लागले हीच त्या आठ डब्यांची कमाई होती, आणि मुलगी ती परत करते आहे. यावर माझ्याजवळ उत्तर नाही. मी कोरा चहा घेते, ती माझ्याकडे पाहत नाही.

अवघड झाले ते स्टाफरूमच. मी मासेही सोडले हे कळल्यावर एक ज्येष्ठ सहकारी प्रसन्न होऊन म्हणाले, “बाई, आता तुम्ही आमच्यातल्या झालात.” त्याच आठवड्यात त्यांच्या घरच्या सत्यनारायणाचा शिरा आला, साजूक तुपातला. मी घेतला नाही. त्यांचा चेहरा पडला. प्रसादाला नाही म्हणणे त्यांना सुकटीहून अधिक बोचले असावे. आपली समजूत अशी की सोडत सोडत माणूस वर चढतो: आधी मटण, मग मासे, मग अंडे, आणि शिखरावर तुपाची वाटी. ती वाटीही कोणी बाजूला सारली की शिडीच डळमळते. मी त्यांना समजावायला गेले नाही. समजावणे हा माझा व्यवसाय आहे आणि तो मी वर्गात पुरेसा करते.

गेल्या जूनमध्ये आमच्या विभागात एक तरुण सहकारी रुजू झाली. मुरुडची. दुसऱ्या आठवड्यात ती डबा घेऊन जिन्याकडे जाताना दिसली. विचारले तर म्हणाली, “काही नाही मॅडम, आज बोंबलाची चटणी आहे, उगाच वास नको.” मी तिला आत बोलावले आणि माझ्या शेजारची खुर्ची दिली. तिने डबा उघडला. कोणीतरी पंखा वाढवायला उठले, तेव्हा मी म्हटले, असू द्या, उत्तरपत्रिका उडतात. आता ती रोज तिथेच बसते. माझे काळे वाटाणे तिला आवडतात. तिचे बोंबील मी खात नाही, पण तिने आगळ घातले आहे की चिंच, हे वासावरून ओळखून सांगते, आणि बहुतेक वेळा बरोबर येते.