फाल्गुनातला पळस

पांढुर्णा म्हटलं की लोकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमारच आठवते. जाम नदीच्या मधोमध रोवलेला पळस आणि त्यासाठी पांढुर्णा-सावरगावची दगडफेक! २०२३ साली आमचा वेगळा जिल्हा झाला, ओळख तीच राहिली. आपल्या पोरांनीही पळस पाहिलेला असतो तो तोडून आणलेला.

म्हणून फाल्गुनात मी त्यांना सौंसरकडे नेतो. संत्र्याच्या बागा मागे पडल्या की बांधाबांधावर केशरी पळस, अंगावर पान नाही. फुलांतल्या रसासाठी शिंजीर, मैना, बुलबुल यांची झुंबड. कॅमेरा पोरांच्याच हाती देतो. अट एकच, चांगल्या फोटोसाठी फांदी मोडायची नाही.

यंदा एका ओळखीच्या झाडाजागी खुंट दिसला. भाचीनं त्याचाही फोटो काढला. मग पुढच्या शेतात काकांना विचारलं, "तुमचा पळस ठेवाल ना?"

"ठेवतो ना वं! पत्रावळीले पानं लागतेत."