शिकवणी आणि सुरक्षितता

दुचाकी चालवण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण घेतले की अपघात टळतात, हे इतके स्वाभाविक वाटते की त्याचा पुरावा मागावा असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. २०१० साली कॉक्रेनच्या संशोधकांनी तो शोधला. जगभरातील २३ अभ्यास पडताळूनही प्रशिक्षणाने अपघात घटतात की नाही, हे त्यांना ठरवता आले नाही. कारण बहुतेक अभ्यासांचा दर्जाच कच्चा होता. स्वखुशीने वर्गाला जाणारा स्वार मुळातच सावध असू शकतो. मग श्रेय शिकवणीचे की स्वभावाचे? शिवाय कौशल्याबरोबर धाडसही वाढू शकते.

चामराजपेटेतून म्हैसूर रस्त्याकडे जाणारा दुचाकींचा ओघ दिवसभर आटत नाही. आता माझी भाचीही त्यात मिसळेल. ‘मावशी, वर्गाला जाऊ का?’ असे तिने विचारले, तेव्हा मी होच म्हटले. फायदा सिद्ध झालेला नाही, म्हणजे तो नाहीच असे नव्हे. हेल्मेटचा पुरावा मात्र भक्कम आहे. कॉक्रेनच्याच २००८ च्या आढाव्यानुसार, अपघातात सापडलेल्या स्वाराच्या मृत्यूचा धोका हेल्मेटमुळे सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो. म्हणून आधी हेल्मेट आणले, मग वर्गाचे शुल्क भरले.

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जीव गेले. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. एवढी हानी सोसणाऱ्या देशाने कोणती शिकवणी खरोखर जीव वाचवते, हे काटेकोर चाचण्या घेऊन तपासायला हवे.