पेला चर्चचा, हात सोनाराचा

जुन्या गोव्यात बहुतेक पब्लिक बॉम जेझुस बघतं, फोटो काढतं आणि बीचवर पळतं. तसं करू नका. तिथून चालत जाण्यासारखा सांता मोनिकाचा जुना मठ आहे आणि त्यात ख्रिस्ती कलेचं म्युझियम. १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं, नंतर इथं हलवलं.

तिथले मिस्साचे नक्षीदार पेले निवांत बघा. वर वाटी, मध्ये दांडा, खाली पसरट पाया, आणि दांड्यावर एक फुगीर गाठ. ती गाठ नुसती सजावट नाही बरं का! पूर्वीच्या पद्धतीत पवित्र भाकरीला हात लागला की धर्मगुरू बोटं धुवेपर्यंत अंगठा आणि तर्जनी जुळवूनच ठेवत. पेला उरलेल्या बोटांनी धरायचा, मग पकड मिळायला ही गाठ. याला म्हणतात यूजर इंटरफेस! पेला चांदीचा असला तरी वाटी आतून सोन्याचा मुलामा दिलेली, कारण द्राक्षारस तिथंच असतो.

पण खरी गंमत पुढे आहे. गोव्यातले सोनार बहुतेक हिंदू. १५४६ साली पोर्तुगालच्या राजानं हिंदू चित्रकारांनी ख्रिस्ती चित्रं काढू नयेत असं फर्मावलं. १५६७ साली गोव्याच्या धर्मसभेनं पुन्हा बजावलं, की ख्रिस्ती माणसानं पेले, क्रूस असलं काम परधर्मी कारागिराला देऊ नये. आता आमच्या ऑफिसचा अनुभव सांगतो, एकाच विषयावर दुसरं सर्क्युलर निघालं की समजायचं, पहिलं कुणी पाळलेलं नाही. चांगलं काम हवं तर चांगल्या कारागिराकडेच जावं लागतं, राजा काहीही म्हणो.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरचा व्हॉट्सअॅप ग्रुप. गेल्या महिन्यात काकांनी फॉरवर्ड टाकला, 'सणाची खरेदी फक्त आपल्याच माणसांकडून.' धर्मापुरीचा आमचा नेहमीचा कासार 'आपल्यात' बसत नाही. लहानपणापासून देवघरातल्या समया त्याच्याकडूनच झळाळून येतात. याच काकांना गावच्या चालुक्यकालीन केदारेश्वराचा केवढा अभिमान! पाहुणा आला की भिंतींवरच्या सुरसुंदरी दाखवायला स्वतः नेतात. ती शिल्पं घडवणारे हात कुणाचे होते, हे त्यांनी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही.

मी ग्रुपवर १५४६ आणि १५६७ ची गोष्ट लिहिली. शेवटी एवढंच, की 'काका, समया यंदा कुठं द्यायच्या?'

निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. असो, दिवाळीला गावी जातोय, समया मीच घेऊन जाईन.