राखलेला कागद

माझं चित्र दारासमोरच्या भिंतीवर लागावं, हे मीच सांगितलं होतं. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडचे आम्ही एकवीस चित्रकार, कॉलेजचं कलादालन, पोरं स्टुलावर चढून तंगूस बांधत होती. ज्येष्ठ म्हणून मला विचारलं, तेव्हा 'कुठंही लावा रे' म्हणायची रीत आहे. मी समोरची भिंत दाखवली. शेजारी कुणाचं लागतंय तेही पाहून घेतलं. माझ्याच एका विद्यार्थिनीचं होतं. तिचाही जलरंग, तिचाही रंकाळा.

माझं चित्र संध्यामठाचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पहाटे मठाची सावली आणि तिचं प्रतिबिंब यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ उमटते. वारा सुटला की ती मोडते. चाळीस वर्षं मी त्या रेघेच्या मागं आहे. पाण्याचा रंग जमला, दगड जमला, केंदाळसुद्धा जमलं. रेघ मात्र हातावर मोजण्याइतक्या वेळा जमली.

तिथं रंग लावायचाच नाही, कागद राखायचा. वरची कड सावलीच्या वॉशची, खालची प्रतिबिंबाच्या, आणि मध्ये सूतभर कोरं. दोन्ही कडा भरल्या ब्रशनं आणि एका दमात जाव्या लागतात, कारण अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएनाचा तो करडा जिथं थांबतो तिथं वाळतो आणि डाग धरतो. जुलैत वॉश तासभर वाळत नाही, एप्रिलमध्ये श्वास घ्यायलाही उसंत देत नाही. आणि ही रेघ एप्रिलचीच.

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा हात थरथरायला लागला. पेन्सिल दाबून धरली की कळतही नाही. बारा नंबरचा सेबल पाण्यानं जड झाला आणि कागदाच्या वर अधांतरी धरला, की टोक नाचतं. मनगट काठीवर टेकवून पाहिलं. हात स्थिर झाला, पण कड मेली. पट्टी लावून ओढल्यासारखी दिसायला लागली. डावा हात पाहिला. ब्रश लहान घेऊन पाहिला, तर वॉशला पट्टे पडले. या एप्रिलमध्ये अकरा कागद घालवले. बाराव्यावर सगळं आलं. आकाश आलं, मठ आला, पाण्यात उतरलेला गारवासुद्धा आला. शेवटच्या चार बोटांत टोक नाचलं, खालचा ओला वॉश वरच्याला भिडला आणि रेघ बुडाली.

त्या रात्री मी पांढरा रंग काढला.

हे इतरांना केवढंसं वाटेल? विन्सर अँड न्यूटननं चायनीज व्हाइट १८३४ साली बाजारात आणला, टर्नरनं अपारदर्शक रंग मोकळ्या हातानं वापरला, हे मला ठाऊक आहे. पण वर्गात मी काय बोलत आलो तेही ठाऊक आहे. पांढऱ्याची ट्यूब दिसली की मी पोरांच्या पेटीतून काढून घ्यायचो. मास्किंग फ्लुइड लावणाऱ्यांना तर मी चित्रकार म्हणायलाच तयार नव्हतो. ते रबर खरवडलं की खाली उरतो तो कात्रीनं कापल्यासारखा पांढरा, त्याला ना पाणी माहीत ना उजेड. माझं हे मत अजून बदललेलं नाही. चाळीस मिनिटांत निसर्गचित्र उरकणारे डेमो आणि मोबाइलवरच्या फोटोवरून रंकाळा रंगवणं, याबद्दलही नाही. आबालाल रहिमान कोटीतीर्थाकाठी राहिले, ते पाणी त्यांनी दिवसाच्या सगळ्या वेळांना पाहिलं. १९३१ साली ते गेले. ज्या गावात असा माणूस होऊन गेला, त्या गावातल्या पोरांना तळ्यापर्यंत चालत जायचा कंटाळा यावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दालनात मी रोज माझ्या चित्राजवळच्या खुर्चीवर बसायचो. कोण किती वेळ थांबतं ते बघत होतो. तिच्या चित्रापुढं लोक जास्त थांबत होते, हे पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं. मला ते झोंबलं. तिनं घाटाच्या पायऱ्या रंगवल्या होत्या. शेवटच्या ओल्या पायरीवर तिनं एक कोरा तुकडा सोडला होता, नखाएवढा, कडेनं जरा फाटका. कागदाचा दाणा त्यात दिसत होता. मी चष्मा काढून जवळून पाहिला. खोट नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या चित्राशी वाकून उभी राहिली. काचेत ट्यूबलाइट चमकत होती म्हणून बाजूला सरकून पुन्हा पाहिलं. कागदाचा पांढरा किंचित पिवळसर असतो, झिंकचा निळा मारतो. हे मीच तिला शिकवलं होतं.

"सर, ही रेघ नंतर ठेवलीय?"

"कागद आहे तो," मी म्हणालो.

ती "हो सर" म्हणाली आणि गेली.

हळदणकरांची 'निरांजनधारिणी' पाहायला मी तरुणपणी मुद्दाम म्हैसूरला गेलो होतो. तळव्याआड धरलेली ज्योत, बोटांच्या फटींतून पाझरणारा तांबूस उजेड, आणि ते सगळं जलरंगात. जगनमोहन पॅलेसमधल्या त्या चित्रापुढं मी दुपारभर उभा होतो. येताना गाडीत ठरवलं होतं, की उजेड राखूनच मिळवायचा, वरून चढवायचा नाही. तो तरुण मुलगा त्या रात्री मला झोपू देईना.

चित्राखालच्या कार्डावर माध्यम लिहिलं होतं, 'पारदर्शक जलरंग'. 'पारदर्शक' हा शब्द मीच आग्रहानं घालायला लावला होता. बाकी कुणाच्या कार्डावर तो नव्हता. तिसऱ्या दिवशी दालन उघडायच्या आधी पोचलो, शिपाईमामांकडून पेन घेतलं आणि तो शब्द खोडला. वर लिहिलं, 'जलरंग व पांढरा'. अक्षर हललं.

अकराच्या सुमारास ती आली. कार्ड वाचलं. पाठमोरी होती, चेहरा मला दिसला नाही. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि बराच वेळ आम्ही येणारी-जाणारी माणसं पाहत राहिलो.

"पायरीवरचा तो तुकडा," मी विचारलं, "आधी ठरवला होतास?"

"नाही सर. तिथपर्यंत आले आणि ब्रशमधलं पाणी संपलं. भरायला गेले असते तर वरचं वाळलं असतं. म्हणून तसंच सोडलं."

मी उठून पुन्हा तिच्या चित्राकडं गेलो. कड फाटकी होती ती म्हणून. सुकत आलेला ब्रश दाण्यावरून घसरत गेला होता. मी जन्मभर भरल्या ब्रशनंच ती रेघ शोधत आलो होतो. कोरड्यानं कधी केलीच नव्हती. आणि कोरडा ब्रश हलका असतो.

"रविवारी रंकाळ्यावर किती वाजता येतेस?" मी विचारलं.

"साडेपाचला."

घरी येऊन तेराव्या कागदाला गमटेप लावून ठेवली.